नवशाच्या उंबऱ्याचे अकरा हात

हाका सत्तेचाळीस होणार. प्रत्येक हाकेला एक फाटा, म्हणजे लाकडंही सत्तेचाळीस. नारळ तीन, ढोल दोन, मोठी माणसं एकशे बत्तीस. मुलं साठच्या आसपास. ती एका जागी उभी राहत नव्हती, त्यामुळे चार-पाचची चूक शक्य. सूर्य अजून तिवरांच्या शेंड्यांवर होता, होळी पेटायला अवकाश होता, तेव्हा माळाच्या कडेला उभं राहून पेट्राने वहीत एवढं लिहून घेतलं.

मोजायची तिला लहानपणापासून खोड होती. ती चेक देशातल्या ब्रनो शहराची. तिच्या देशाला समुद्रच नाही, त्यामुळे दिवसातून दोनदा येणारं-जाणारं पाणी तिने चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. भिवंडीच्या एका मोठ्या गोडाउनमध्ये सामानाची आपोआप निवड करणारे पट्टे बसवायला कंपनीने तिला दीड वर्षासाठी पाठवलं आणि ठाण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट दिला. फ्लॅट ते गोडाउन अंतर सतरा किलोमीटर. लागणारा वेळ सरासरी एक तास पन्नास मिनिटं, सगळ्यात वाईट दिवशी तीन तास दहा. तेविसाव्या दिवशी तिने गोडाउनच्या शिफ्ट सुपरवायझरला, धनेशला विचारलं, "तुम्ही रोज वेळेवर कसे येता?" तो म्हणाला, "मॅडम, मी गावात राहतो." गाव म्हणजे नवखारपाडा, कोन गावाच्या अलीकडे आत वळलं की खाडीच्या काठावर. स्कूटरवर अकरा मिनिटं. धनेशच्या घरामागची खोली रिकामी होती. पेट्राने अकरा महिन्यांचा करार केला, विजेची शेगडी आणली, आणि त्याला आता सात महिने झाले होते.

हाकांचा अर्थ तिला धनेशच्या आईने, ठकुबाईने, दुपारीच सांगितला होता. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून गावाला मातीचा बांध आहे. जुन्या लोकांनी त्या बांधाची लांबी घरांत वाटून दिली. ज्या घराकडे बांधाचा वाटा, त्या घराचा गावकीत उंबरा. होळीला गावकीचा म्होरक्या एकेक उंबऱ्याचं नाव पुकारतो आणि त्या घरचं माणूस पुढे येऊन फाटा टाकतं. नाव घरातल्या थोरल्या पुरुषाचं. तो वारला तरी मुलाचं लग्न होईपर्यंत तेच चालतं. धनेशचं लग्न व्हायचं होतं, म्हणून सहा वर्षांपूर्वी गेलेल्या नवशाचं नाव वर्षातून एकदा, माळावर, सगळ्या गावासमोर मोठ्याने घेतलं जायचं. एरवी ठकुबाई त्याचं नाव घेत नसे. 'ह्यांचं' म्हणायची, किंवा चिडली असेल तर 'तुझ्या बापाचं.'

एकतिसावी हाक आली. "नवशाऽऽ." ठकुबाई फाटा घेऊन निघाली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती एक पाय ओढत चालायची. सगळं गाव थांबून राहिलं. पेट्राने वेळ घेतली नाही, पण घेतली असती तर मिनिटभर तरी भरली असती. फाटा पडला. मग बत्तिसावी हाक.

सगळ्या हाका संपल्यावर म्होरक्या त्यांच्याकडे आला. बाळाराम. साठीचा, उंच, खांद्यावर टॉवेल. नवशाच्या चुलत्याचा मुलगा, म्हणून ठकुबाई त्याची वहिनी.

"वयनी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "यंदा बांधावर कोण?"

"धनेश."

धनेशने आईकडे पाहिलं. "आये, अष्टमी बावीस तारखेला हाय. आमचा मार्च एंडिंगचा स्टॉक हाय तवा. चार दिवस सुट्टी बंद. मागितली तर घरीच बसवतील."

"गेल्या वर्षीबी मार्च एंडिंगच व्हता," बाळाराम म्हणाला. "मार्च दर वर्षी येतो रे."

होळीनंतरच्या अष्टमीला खाडीचं पाणी सगळ्यात कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. त्या दिवशी अख्खा बांध एकदम दुरुस्त करायचा, प्रत्येक उंबऱ्याने आपला आपला वाटा. एका वर्षी चुकलं तर गाव समजून घेतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी चुकलं की वाटा शेजारच्या घराला जातो आणि उंबरा मोजणीतून उतरतो. गेल्या मार्चमध्ये ठकुबाईने एकटीने गुडघे टेकून वाट्याचा जेमतेम तिसरा हिस्सा घातला होता, म्हणजे ते वर्ष चुकलंच, आणि त्यानंतरच ऑपरेशन झालं होतं. आता डॉक्टरांनी गुडघा टेकायलाच मनाई केलेली.

"म्हंजे पुढच्या होळीला..." ठकुबाई म्हणाली आणि तिथेच थांबली.

"माझ्या हातात काय हाय, वयनी. मी नुसता पुकारणारा."

पेट्राला सगळे शब्द कळले नव्हते, पण आकडा कळला. सत्तेचाळीसचे सेहेचाळीस होणार होते.

"मी जाते," ती म्हणाली. तिचं मराठी तिने एका शिकवणीत शिकलं होतं आणि ते फार व्यवस्थित होतं. "स्टॉक मोजतात तेव्हा पट्टे बंद ठेवतात. त्या चार दिवसांत मला काहीही काम नाही."

बाळारामने तिच्याकडे पाहिलं. उघाडीजवळ, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायच्या झडपेजवळ, या बाईने रंगाच्या खुणा केलेला बांबू रोवलेला त्याने पाहिला होता. रोज संध्याकाळी ती तिथे पाणी किती वाजता किती चढतं ते लिहायची. मुंबई बंदराची भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण खाडीतून इथपर्यंत पाणी यायला वेळ लागतो. तो किती, हे काढायला तिला तीन महिने लागले. दोन तास दहा मिनिटं. ते तिने आनंदाने बाळारामला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "तिथीला पाऊणपट कर, वर दोन तास टाक. झालं." तिने घरी येऊन सगळ्या नोंदींशी ताडून पाहिलं. झालं होतं. फक्त दहा मिनिटांचा फरक राहिला होता, आणि त्यावरून त्यांचा वाद अजून मिटलेला नव्हता.

"पाव्हणी हाय ती," बाळाराम ठकुबाईला म्हणाला. "पाव्हणीच्या हातानं चिखल उपसला तर गाव तोंड कुठं लपवंल?"

"मी पाहुणी नाही," पेट्रा म्हणाली. "मी भाडेकरू आहे. आमचा करार अकरा महिन्यांचा आहे."

मागे कोणीतरी हसलं. "कोर्टात बोलल्यागत बोलते."

"मंग तर अजूनच न्हाय," बाळाराम म्हणाला. "भाड्याचं माणूस बांधावर चालत न्हाय. मजूर लावून घातला तर तो गावाचा बांध कसा व्हईल?"

इथे ठकुबाईने पदर कमरेला खोचला. "तुझ्या बापानं रामअवधला उभा केला व्हता की. तवा तुझा पाय पलस्तरात व्हता. तो कोण तुमचा, मामा?"

आजूबाजूच्या माणसांनी माना डोलावल्या. रामअवध नावाचा आझमगढचा एक कारागीर पूर्वी भिवंडीत लूमवर होता आणि बाळारामच्या माळ्यावर राहायचा. जुन्या लोकांना तो आठवत होता. एक म्हातारा म्हणाला, "बरा घातला व्हता त्यानं. बोलायचा हिंदीत, पन बांध मराठी."

बाळारामने टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "तो आमच्या चुलीवरचं जेवायचा. दोन वर्षं. चुलीवरचं जेवतो तो घरचा. ही जेवते का तुझ्या चुलीवरचं?"

"रोज वाटी जाते हिच्याकडं."

"आनि येते कशी?"

ठकुबाई खोचलेला पदर सोडू लागली. या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतं, म्हणून पेट्रा पुढे झाली.

"मी रोज परत देते. त्याच दिवशी, स्वच्छ धुऊन."

"रिकामी?"

"हो. अगदी स्वच्छ."

एका बाईने तोंडाला पदर लावला. धनेश आपल्या चपलांकडे बघू लागला. बाळाराम आभाळाकडे. काहीतरी चुकलंय एवढं पेट्राला समजलं, काय ते समजलं नाही, आणि अशा वेळी ती जे करायची तेच तिने केलं. प्रश्न विचारला.

"किती जेवणं?"

"काय किती?"

"किती जेवणं जेवल्यावर माणूस घरचं होतं?"

हे यापूर्वी कोणी विचारलं नव्हतं. एक म्हणाला महिना तरी पाहिजे. दुसरा म्हणाला, सून आली की पहिल्या घासाला घरची, तिला कोण महिना लावतो. तिसऱ्याने विचारलं, मग जावयाचं काय, आणि जावयावरून बराच वेळ गेला. शेवटी बाळाराम म्हणाला, "उद्यापासून अष्टमीच्या आदल्या रातीपर्यंत. दोन्ही टायम. आनि हात लागला पाहिजे चुलीला. नुसतं ताटावर बसून न्हाय."

आठ दिवस, सोळा जेवणं. पेट्राने लिहून घेतलं.

घरी जाताना धनेशने तिला वाटीचं सांगितलं. शेजारून भरलेली वाटी आली तर ती रिकामी परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर, चार शेंगा. रिकामी वाटी म्हणजे तुमचं आमचं मिटलं.

पेट्रा रस्त्यातच उभी राहिली. सात महिने, आठवड्याला साधारण सहा वाट्या. एकशे सत्तरच्या आसपास वेळा तिने या बाईला सांगितलं होतं की आपलं मिटलं.

"मावशी," तिने अंगणात पाय ठेवताच विचारलं, "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

ठकुबाई पायरीवर बसून गुडघ्याला तेल लावत होती. "सांगितलं असतं तर तू भरून दिली असतीस."

"हो."

"मंग ती मीच भरल्यासारखी झाली ना गो बाय."

"पण तुम्ही रोज पाठवत राहिलात."

"तू रोज जेवत व्हतीस की."

*

पहिल्या जेवणाची भाकरी पेट्राने थापली. तांदळाची, रुंदी एका बाजूने चोवीस सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूने सतरा. ठकुबाई म्हणाली, "भिवंडी तालुक्याचा नकाशा केलास." चौथ्या जेवणाला भाकरी गोल झाली पण फुगली नाही. सातव्याला फुगली.

पाचव्या जेवणाला निवटे होते. हा बोटाएवढा मासा ओहोटीला चिखलावर चढून बसतो आणि डोळे वर काढून बघत राहतो. बांबूजवळच्या चिखलात पेट्राने एकदा त्यांचे चाळीस मोजले होते, आणि त्यांतला एक कायम बांबूच्याच बुडाशी असायचा, तो तिला ओळखतो अशी तिची समजूत होती. ताटात बारा होते. तिने ठकुबाईकडे पाहिलं.

"काय झालं? काटा न्हाय त्यात."

"मी यांना रोज भेटते," पेट्रा म्हणाली.

"मंग ओळखीचेच हायत. खा."

तिने खाल्ले. चांगले लागले, आणि त्याचं तिला थोडं वाईट वाटलं, तेही तिने सांगितलं. ठकुबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

वाटीही आता भरून जाऊ लागली. एकदा पेट्राने आपल्या शेगडीवर किसलेल्या बटाट्याचे, लसूण घातलेले घावन केले, तिची आई करायची तसे. ठकुबाईने एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला. "चांगलं हाय. मिरची कुठं हाय?"

"यात मिरची नसते."

"लांबचा देश. पोचली नसंल." पण दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले दोन तिने चहाबरोबर संपवले.

बारावं जेवण चुकलं. गोडाउनमध्ये एक पट्टा अडकला आणि पेट्राने रात्री तिथेच उभ्याने वडापाव खाल्ला. दुपारचा डबा धरायचा की नाही हा प्रश्न आधी आला होता, पण डबा चुलीवरचाच असतो, असा निर्णय धनेशने दिला होता. वडापावला ते लागू नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटर वळवून बाळारामच्या दारात गेली.

"पंधराच होतील," तिने सांगितलं.

बाळाराम दात घासत होता. त्याने चूळ भरली. "मी विचारलं का?"

"नाही. पण मी सांगितलं नाही तर नोंद चुकीची होईल."

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. मग आत तोंड करून बायकोला म्हणाला, "ऐकलंस का? असं माणूस सोसायटीच्या निवडणुकीला उभं केलं पाहिजे." आणि पेट्राला म्हणाला, "अष्टमीच्या दुपारी बांधावर भाकरी खाशील ना? ती सोळावी. जा, कामाला उशीर व्हईल."

त्या संध्याकाळी ठकुबाईने धनेशला स्टुलावर चढवून आढ्यावरची एक काठी काढायला लावली. काळी पडलेली, दोन्ही टोकं सपाट कापलेली. वाटे ठरले तेव्हापासूनची पद्धत अशी की ज्या घराचा वाटा त्या घरच्या कर्त्याच्या हाताने मोजायचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कर्ता बदलला की नवी काठी कापायची आणि शेजारच्याशी बसून हद्दीची तडजोड करायची. ही नवशाच्या हाताची काठी होती. वाटा अकरा हातांचा.

पेट्राने टेप लावली. साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर. म्हणजे वाटा पाच मीटर साडेबावीस सेंटिमीटर.

ठकुबाईने आपला हात काठीशेजारी ठेवून पाहिला. चार बोटं कमी पडला. "मेला लांब हाताचा व्हता," ती म्हणाली. "आपल्या ताटावर बसून शेजारच्या ताटातलं उचलायचा. लग्नाच्या पंगतीत मी पहिल्यांदा बगितलं ते त्यो हातच." काठी तिने पुन्हा वर ठेवू दिली नाही, दाराशी उभी करून ठेवली.

*

अष्टमीला सकाळी दहा वाजता ओहोटी चांगली लागली आणि गाव बांधावर उतरलं. धनेश पहाटेच गोडाउनला गेला होता. ठकुबाईसाठी कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन आलं आणि ती नवशाच्या वाट्यासमोर, शेताच्या बाजूला मांडली.

कामाची रीत सोपी आणि जड होती. खाडीच्या अंगाचा निळसर काळा चिखल फावड्याने चौकोनी कापायचा. तो गोळा हातोहात वर द्यायचा. वाट्यावरच्या माणसाने तो आपटून बसवायचा, आपटूनच, ठेवायचा नाही, नाहीतर आत हवा राहते. दर दोन थरांमध्ये पेंढ्याचा पातळ अंथर. गोळे कापायला आणि द्यायला कोणीही चालतं. बसवायचं मात्र त्या उंबऱ्याच्या माणसानेच.

नवशाच्या वाट्याला दोन पावसांनी मधोमध खोल खाच पाडली होती. पेट्रा गुडघाभर चिखलात उतरली. तिचा पहिला बूट पाचव्या मिनिटाला चिखलाने ठेवून घेतला, दुसरा तिने स्वतः काढून ठेवला. तासाभरात ती कोपरापर्यंत काळी झाली. शेजारच्या वाट्यावरची गुणाबाई, सत्तरीची, तिच्या दुप्पट वेगाने गोळे आपटत होती आणि मध्येमध्ये म्हणत होती, "लय प्रेमानं ठेवतेस गो. आपट. ज्याच्यावर राग हाय त्याचं नाव घे."

पेट्राने आठवून पाहिलं. मग पट्ट्यांचे सुटे भाग वेळेवर न पाठवणाऱ्या माणसाचं नाव घेऊन आपटला. गोळा बसला.

दुपारी तिने बांधावर बसून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. सोळावं जेवण. चार वाजता तिचा वाटा पुरा झाला. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी तिने आणली होती. ती दोन्ही बाजूंच्या बांधांवर धरून तिने माथा तपासला. फरक एक सेंटिमीटरच्या आत. तिला फार बरं वाटलं.

बाळाराम बघत बघत आला. एक डोळा मिटून त्याने बांधावरून नजर टाकली. "सरळ हाय," तो म्हणाला. "भिंतीला टांगायला बरा." आणि पुढे गेला.

पेट्राने खुर्चीकडे पाहिलं. ठकुबाई सुपारी कातरत होती.

"बाय, गुणाबाईचा बांध किती वर्सांचा?"

"मला माहीत नाही."

"चाळीस. वरून थर लावत ऱ्हायचं नुसतं. आनि तुझा?"

"पाच तासांचा."

"मंग?"

पेट्रा आपल्या हातांकडे बघत राहिली. हातावरचा चिखल कोपराशी वाळला होता, आणि जिथे वाळला होता तिथे आक्रसून त्याला भेगा पडल्या होत्या. ओला चिखल म्हणजे निम्मं पाणी. पाणी गेलं की बांध बसणार. ही गोष्ट ती कुठल्याही कागदावर अर्ध्या मिनिटात मांडू शकली असती, आणि इथे पाच तास तिच्या डोक्यात आली नव्हती.

"किती बसतो?"

"ते सांगता येत न्हाय. ह्ये अर्धा हात जास्ती घालायचे. त्यांचा अर्धा, माझा न्हाय."

चोवीस सेंटिमीटर, पाच मीटरभर लांबीवर. अष्टमीची पाऊणपट सहा, वर दोन तास. भरती आठची, पण चिखल कापायची जागा साडेपाचलाच पाण्याखाली जाणार होती. दीड तास होता.

तिने फावडं उचललं. दोन गोळे कापून, वर चढून, आपटून परत खाली उतरेपर्यंत गुणाबाई तिच्या जागी फावडं घेऊन उभी होती. "तू वर ऱ्हा," ती म्हणाली. तिच्यामागे एक माणूस, त्याच्यामागे दुसरा. ज्यांचे वाटे झाले होते ते हात धुवायला न जाता रांगेत आले. वरच्या टोकाला, पेट्राच्या हातात गोळा देणारा शेवटचा माणूस बाळाराम होता.

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?" पेट्राने धापा टाकत विचारलं.

"दुसऱ्याच्या वाट्यावर बोलायचं न्हाय, असं हाय. घरच्यानं बोलायचं." त्याने गोळा दिला. "गोळे द्यायला बंदी न्हाय."

"घरच्या माणसाने सांगितलं."

"ऐकलं मी. सुपारी कातरत ऐकवत व्हती. आपट."

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी पाणी गुणाबाईच्या पोटऱ्यांना लागलं आणि रांग मोडली. नंतरचे गोळे पेट्राने मोजले होते. दोनशे चौदा.

बाळारामने वाट्यावर चालून पाहिलं, टाचेने दोन ठिकाणी दाबलं. "आता उधाण," तो म्हणाला. वाटा त्या दिवशी मान्य होत नाही. पाडव्याच्या पुढच्या दिवशी वर्षातलं मोठं उधाण येतं. तेव्हा पाणी जास्तीत जास्त चढून थांबेल त्या घडीला बांधाचा माथा एक वीत तरी कोरडा राहिला पाहिजे. वीत ज्या त्या उंबऱ्याच्या थोरल्या माणसाची.

*

नऊ दिवस पेट्रा रोज सकाळी कामावर जाण्याआधी नळी घेऊन बांधावर जायची. गुणाबाईच्या माथ्यापेक्षा आपला माथा किती उंच, एवढाच आकडा. चोवीस. एकवीस. अठरा. सोळा. मग ऊन तापलं आणि एका दिवसात पाच सेंटिमीटर गेले. बारीक भेगा पडल्या, त्या तिने ठकुबाईने सांगितलं तशा पातळ चिखलाने बुजवल्या. ठकुबाई रोज आकडा विचारायची. विचारताना भाकरीकडे बघायची, पेट्राकडे नाही. पाडव्याला गुढी उभारली तेव्हा आकडा दोन होता, आणि त्या दिवशी ठकुबाईने श्रीखंडाची वाटी दोनदा भरली पण स्वतः खाल्लं नाही.

"कंपनीने दिलेलं माझं दीड वर्ष डिसेंबरला संपतं," पेट्रा त्या दुपारी म्हणाली. "पुढच्या होळीला मी इथे नसेन."

"हाक फोनवर ऐकू येते का?" ठकुबाईने विचारलं.

"येते."

"मंग धनेश लावंल फोन. आधी पुकारूं तर दे."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी द्वितीया होती. पाऊणपट दीड, वर बाळारामचे दोन तास, म्हणजे साडेतीन. पेट्राच्या हिशेबाने तीन चाळीस. सव्वातीनपर्यंत तीस-चाळीस माणसं बांधावर जमली होती. धनेश पहिली शिफ्ट संपवून गळ्यातल्या ओळखपत्रासकट आला. त्याने आईला दंडाला धरून बांधावर चढवलं. तिच्या दुसऱ्या हातात नवशाची काठी होती.

खाडी तुडुंब होती. तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते. पलीकडच्या गोडाउनांचे निळे पत्रे पाण्यात उलटे पडले होते. खाच होती त्या जागी पाणी नव्या चिखलाला लागून वर सरकत होतं, आणि त्याच्या कडेला फेसाची एक बारीक रेघ होती.

ठकुबाईला वाकता येत नव्हतं. वीत तर तिचीच हवी. म्हणून पेट्राने काठी आडवी धरली, ठकुबाईने तिच्यावर हात पसरला, अंगठा सपाट टोकाला आणि करंगळी जमेल तितकी लांब.

"ताणू नकोस, वयनी," बाळाराम म्हणाला. "आहे ती दे."

तिने हात सैल सोडला. पेट्राने करंगळीच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारली आणि टेप लावून आकडा वहीत लिहिला. मग बांधाच्या माथ्यावर पालथी पडली आणि काठी खाली पाण्याकडे धरली.

साडेतीनला पाणी चढतच होतं. बाळारामने घड्याळाकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. तीन पस्तीसला फेसाची रेघ अजून थोडी वर आली. तीन चाळीसला ती थांबली. पेट्राने आणखी दोन मिनिटं वाट पाहिली. रेघ तिथेच होती.

बाळाराम तिच्या शेजारी, टॉवेल चिखलात लोळवत, पालथा पडला. "वाच," तो म्हणाला.

तिने टेप लावली, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

ठकुबाईची वीत अठरा सेंटिमीटर. बांधाचा कोरडा माथा एकोणीस.